पूल खाली आहे

आमच्या घरात नाना आणि वहिनी एकमेकांशी बोलत नसत, आणि त्यावर माझं फार उत्तम चाललं होतं. भांडण वगैरे काही नव्हतं हो. नाना म्हणजे माझे वडील; त्यांना नव्या सुनेचं कौतुकच होतं. पण सासऱ्याने सुनेशी थेट बोलायचं नाही आणि सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. माझ्या आजोबांनी माझ्या आईशी मरेपर्यंत एक शब्द काढला नव्हता, आणि शेवटच्या आजारात तिच्याच हातची पेज पीत होते. आता पेज प्यायची तरी 'मीठ घाल' म्हणावंच लागतं माणसाला. त्यासाठी मधे कुणीतरी लागतं, आणि आमच्या घरी तो कुणीतरी मी होतो. नाना ओसरीवर बसून, स्वयंपाकघराकडे चुकूनही न बघता, मला म्हणत, "दिल्या, सांग तिले, चहात साखर कमी पडली." आतून वहिनी म्हणे, "भाऊजी, सांगा त्यांना, आणते हं." दोघांच्या मधे एक उघडं दार आणि त्यावर एक पातळ पडदा. दोघांना दोघांचं सगळं ऐकू येत होतं. तरी मी पडद्याशी उभा राहून, आत तोंड करून नानांच्या खर्जात आणि बाहेर तोंड करून वहिनीच्या नाजूक आवाजात सगळा संवाद पुन्हा एकदा सादर करत असे. गावात एसटीडीचे बूथ तेव्हा नवेनवेच निघाले होते. आई मला 'आमचा पीसीओ' म्हणायची.

या नोकरीचे फायदे पुष्कळ होते. निरोप नीट पोचवला की आतून दराब्याची वाटी मिळे. दराबा म्हणजे रवा, तूप आणि साखर घोटून घोटून केलेलं आमच्या बऱ्हाणपूरचं मऊसूत गोड. ते खाताना बोलता येत नाही, म्हणून घरातले व्यवहार तेवढा वेळ ठप्प होत. शिवाय वहिनी मला 'अहो' म्हणायची. मी नववीत होतो, गुडघे सदा फुटलेले, आणि नुकताच आवाज फुटायला लागला होता, म्हणजे वाक्य नानांच्या पट्टीत सुरू व्हायचं आणि कोंबडीच्या पट्टीत संपायचं. अशा प्राण्याला 'अहो भाऊजी' म्हणणारी ती आयुष्यातली पहिली बाई. तिच्यासाठी मी तापीत उडी मारली असती, पोहता येत नसतानाही.

ती आली पुण्याहून. आणि कशी आली! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो लोधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत शिरला तेव्हा सगळ्या बायका ओट्यांवर उभ्या होत्या. कपाट उतरलं, भांडी उतरली, रुखवतातला बिस्किटांचा बंगला उतरला, आणि सगळ्यात वरून, गोणपाटात गुंडाळलेली, एक सायकल उतरली. जाड जाड टायरांची, आडव्या दांडीची, हँडलच्या दोन्ही बाजूंना गियरची बटणं असलेली. असली सायकल गल्लीने फक्त नव्या आलेल्या केबलवर, जाहिरातीत, डोंगरावरून उड्या मारताना बघितली होती. "जावयासाठी दिली असेल," असं सर्वानुमते ठरलं. माझा दादा खंडव्याला बँकेत होता, शनिवारी रात्री यायचा. तो लाजत लाजत सायकलवर बसला, कुठलंसं बटण दाबलं, कटकट आवाज झाला, आणि तो थेट समोरच्या गटारात गेला. तेव्हा पडद्याआडून आवाज आला, "भाऊजी, सांगा त्यांना, सायकल माझी आहे." हा माझा पहिला निरोप. कॉलेजात असताना ती त्या सायकलवरून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायची, हे पुढे कळलं. आमच्याकडे मात्र त्या सायकलवर पुन्हा गोणपाट चढलं आणि ती ओसरीच्या कोपऱ्यात, धान्याच्या कोठीला टेकून उभी राहिली.

बिचारी आमच्यात रुळायला फार धडपडायची. पहाटे गल्लीतले यंत्रमाग सुरू झाले की ती दचकून उठे; आम्हाला तो खटखटाट थांबला की जाग यायची. तिने आमटीत गूळ घातला त्या दिवशी नानांनी मला बोलावून विचारायला लावलं, "सांग तिले, ही जेवणात खायची का जेवणानंतर?" मग ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायला शिकली, ठेच्याने डोळ्यांत पाणी आणायला शिकली. पण भाषेचं काय करायचं? आमची मराठी म्हणजे निम्मी खानदेशी, निम्मी हिंदी, आणि कुठलं निम्मं कुठे संपतं ते आम्हालाही ठाऊक नाही. एकदा आई म्हणाली, "अगं, तांदळाचा डबा खाली हाये." वहिनी ओट्याच्या खाली वाकली. मग फळीच्या खाली. मग पाटाखाली. डबा समोर फळीवर होता, आणि रिकामा होता. आई हसून हसून भिंतीला टेकली. आमच्याकडे रिकाम्याला खाली म्हणतात. 'रिकामा' हा शब्द आम्ही फक्त माझ्यासारख्या पोरांसाठी राखून ठेवलेला. वहिनीही हसली, पण त्या दिवशी दुपारी ती सायकलवरचं गोणपाट काढून चाकांना तेल देत बसलेली मी बघितली. सायकल कुठे न्यायची नव्हती. नुसतंच पॅडल हाताने फिरवत होती.

श्रावणात बऱ्हाणपूरजवळच्या शाहपूरच्या एका लहानशा शाळेतून विचारणा आली. प्राथमिकला बाई हव्या होत्या. वहिनीच्या माहेरच्या कुणीतरी तिचं नाव सुचवलं होतं. सोमवारी प्रत्यक्ष जाऊन हो किंवा नाही सांगायचं होतं. वहिनीच्या चेहऱ्यावर तो आठवडाभर जे काही होतं ते मी त्याआधी बघितलं नव्हतं. वर्गात काय शिकवायचं याची ती भाकऱ्या थापताना माझ्यावर तालीम करायची. मी दुसरीतला मुलगा व्हायचो आणि मुद्दाम चुकायचो. आईने मान डोलावली. दादाने नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंना हो म्हटलं. उरले नाना. त्या दिवशी पडद्याशी मी जी कामगिरी केली तशी पुढे कॉलेजच्या नाटकातही केली नाही.

"सांग तिले, शाहपूरची बस कधी येते आणि कधी जाते हे बसवाल्यालेबी ठाऊक नाही. घरची सून रस्त्यावर तासतास उभी राहणार का?"

"भाऊजी, सांगा त्यांना, मी बसने जाणारच नाही. सायकल आहे ना."

नानांनी पेपर खाली ठेवला. नाना कचेरीत हेडक्लार्क. पेपर खाली ठेवणं म्हणजे गंभीर.

"सायकल? सांग तिले, शाहपूर म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नाही. ट्रका चालतात केळीच्या. वारं असतं, पाणी असतं. असीरगड चढून दाखव म्हणा सायकलवर, मग बोल शाहपूरचं!"

हे ते रागात म्हणाले, म्हणजे 'हे शक्य नाही' अशा अर्थाने म्हणाले. मी त्याच रागात, तोच हात झटकून, आत पोचवलं. मग वहिनी म्हणाली, "भाऊजी, सांगा त्यांना, बरं." आणि खालच्या आवाजात, फक्त मला, "तुमची ती रेस कधी असते हो?"

आमची रेस! तिला हे नाव देणं म्हणजे गाढवाला घोडा म्हणणं, पण आम्ही म्हणायचो. श्रावणातल्या एका रविवारी आम्ही तिघं मित्र सायकलींवर घाट चढून असीरगडाच्या पायथ्याला जायचो. गुड्डू हा हलवायाचा मुलगा, अंगाने हलवायाचाच, सलीमच्या घरी चार माग होते आणि त्याच्या पोटऱ्या मागावर विणल्यासारख्या होत्या, आणि मी. जो पहिला, त्याने गुड्डूच्या दुकानच्या मावा जलेबीचा डबा उघडायचा. नियम असा की अश्वत्थाम्याच्या आधी पोचायचं. गडावरच्या महादेवाला रोज पहाटे सगळ्यांच्या आधी फूल वाहून जातो तो अश्वत्थामा, असं आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगतं. आम्ही कधी त्याच्या आधी पोचलो नाही. सलीम म्हणायचा, "अबे उसके पास सायकल नहीं है, फिर भी जीत जाता है."

वहिनी येणार हे कळल्यावर गुड्डू घाबरला. "यार, भाभी गिर गई तो तेरे नाना मेरे बाप को बोलेंगे." सलीमने गियरवाल्या सायकलीला हात लावून बघितलं आणि म्हणाला, "गिरेंगे तो हम."

त्या शनिवारी झड लागली आणि दादा खंडव्यालाच अडकला. सलग तीन-चार दिवस सूर्य न दाखवणाऱ्या पावसाला आमच्याकडे झड म्हणतात. तो कोसळत नाही, गर्जत नाही, नुसता येत राहतो, आणि मधेच वारा सुटला की आडवा होतो. नाना खिडकीतून बाहेर बघून समाधानाने झोपले. त्यांना वाटलं, आभाळाने त्यांचा निरोप परस्पर पोचवला. रविवारी उजाडायच्या सुमारास वहिनी सलवार-कमीजवर दादाचा भलामोठा रेनकोट घालून ओसरीवर आली. आई तिच्या आधीच उठलेली होती. तिने भाकरी-ठेच्याचं पुडकं वहिनीच्या खिशात कोंबलं आणि मला म्हणाली, "तिच्या पुढं पळू नको. मागं राह्य." मग सायकलीचं चाक कोठीला आपटलं तेव्हा आई मोठ्याने खोकली. पन्नाशी ओलांडल्यावर मला आता कळतं की घरातलं खरं टेलिफोन ऑफिस ती होती. मी नुसता भोंगा.

निघालो. गावाबाहेर पडेपर्यंत कपडे अंगाला चिकटले होते. सपाटीला गुड्डू आणि सलीम सुसाट पुढे. माझी सायकल नानांची जुनी, काळी, तिचा मडगार्ड वाजायचा. त्या वाजण्यावरून लोक मला ओळखायचे. वहिनी माझ्या मागे, एका लयीत, घाई नाही. मी ओरडलो, "वहिनी, दाबा ना!" ती म्हणाली, "भाऊजी, सपाटीला कसली घाई? चढावर बघू." रेनकोटच्या टोपीतून तिचं नाक आणि हसू तेवढं दिसत होतं. बऱ्हाणपुरात आल्यापासून तिचे दात मी पहिल्यांदा एवढे मोजून घेण्यासारखे बघितले. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा वाऱ्याने फडफडत होत्या, पानांच्या चिंध्या झालेल्या. ट्रक गेला की आमच्यावर चिखलाची चादर पडायची आणि ती "आईगं!" म्हणून खदखदून हसायची.

निंबोल्याच्या पुढे रस्ता एका नाल्यापाशी वळतो. आता तिथे रुंद रस्ता झालाय, तुम्हाला नाला लागला हेही कळणार नाही. तेव्हा पूल अरुंद होता, एका वेळी एकच ट्रक जाईल एवढा, आणि वळणामुळे पलीकडून काय येतंय ते दिसत नसे. म्हणून आमच्या रेसचा दुसरा नियम: जो आधी पुलावर पोचेल त्याने मागच्यांना ओरडून सांगायचं. पुलाच्या डाव्या हाताला, उतारावरून, जुनी बैलगाडीची वाट नाल्यात उतरायची, आणि तिथे रपटा होता, म्हणजे पाण्याला टेकलेला बुटका फरशीचा पूल. पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी जातं, म्हणून तो कुणी वापरत नसे.

गुड्डू पुलावर पोचला आणि ओरडला, "पुल खाली है! आ जाओ!" सलीम गेला. मी वळणावर होतो. मी मान मागे वळवली, छातीत हवा भरली आणि माझ्या नेमल्या कामाला जागून निरोप पुढे पाठवला, "वहिनी! पूल खाली हाये! या!" आवाज मधेच फाटला, पण शब्द पोचले. मी पूल ओलांडला. पलीकडे जाऊन थांबलो, कारण आईने पुढे पळू नको म्हटलं होतं. थांबलो तर मागे कुणी नाही. रस्ता रिकामा. म्हणजे आमच्या भाषेत, खाली. आणि तेवढ्यात मला तांदळाचा डबा आठवला.

मी धावत पुलाच्या कठड्याशी आलो. ती खाली होती. डाव्या वाटेने उतरून, सायकल हातात धरून, रपट्याच्या तोंडाशी उभी. पाणी रपट्यावरून जात होतं, घोट्याएवढं दिसत होतं, लालभडक. वरच्या अंगाने कुठल्यातरी बागेतली मोडून पडलेली केळीची खोडं वाहत येत होती. एकेक माणसाएवढं खोड रपट्यावर आदळायचं, थरथरायचं आणि पलीकडे उलटं पडायचं. ती त्याच्याकडे बघत अंदाज घेत होती. दोन खोडांच्या मधल्या वेळात पलीकडे जाता येईल का, असा. पुण्याची शिस्त! तिने एक पाय पाण्यात टाकला.

नेमकी त्याच वेळी पुलाच्या अलीकडे एक मोपेड येऊन थांबली. नाना. लुंगीवर कोट, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. चहा सांगायला उठले तर कोठीजवळ सायकल नाही. मग विचारायचंय काय. त्यांनी मला बघितलं, माझी नजर कुठे आहे ते बघितलं, आणि खाली बघितलं. सवयीने, अगदी चहात साखर कमी असल्यासारखं, ते म्हणाले, "दिल्या! सांग तिले, थांब म्हणून! सांग लवकर!"

मी तोंड उघडलं. आतून कोंबडीसुद्धा निघाली नाही. नुसता वारा. सकाळपासून ओरडून ओरडून घसा संपला होता. मी पुन्हा तोंड उघडलं. काही नाही. नानांनी माझ्याकडे असं बघितलं जसं बिल भरूनही फोन बंद पडला असावा.

मग नाना कठड्यावर पोट टेकवून वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सुनेला हाक मारली. "नंदिनी!"

इथे मला थोडं थांबू द्या, ती पाण्यात एका पायावर आहे हे माहीत असूनही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने जे नाव लिहिलं जातं ते आमच्याकडे नानांनी पंचांगात बघून ठरवलं होतं: नंदिनी. लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, तांदूळ गोळा केले. त्यानंतर त्या नावाने तिला कुणीच हाक मारली नव्हती. मी वहिनी म्हणायचो, आई अगं म्हणायची, दादा काहीच म्हणत नसे, आणि नाना तर तिले. नंदिनी म्हणजे कोण हे तिला ठाऊकच नव्हतं. तिने मान वर केली नाही. दुसरा पाय उचलला.

"मंजिरी!" नाना ओरडले. हे तिचं माहेरचं नाव. ते नानांना ठाऊक आहे हे आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. "मंजिरी! खाली नको! वर ये पोरी, वर!"

ती थांबली. वर बघितलं. पाय मागे घेतला. आणि जिथे तिचा दुसरा पाय पडला असता तिथे एक खोड येऊन असं आदळलं की रपट्याचा आवाज पुलावर माझ्या तळपायांना लागला.

ती सायकल ढकलत वर आली तेव्हा नाना कठडा धरूनच उभे होते. मग त्यांनी हात सोडवून कोटाच्या खिशात घातले. आणि मग जे सुरू झालं ते शब्दशः सांगतो, कारण मी तिथेच होतो आणि मला बोलता येत नव्हतं.

"खाली कायले गेली होती?"

"भाऊजी म्हणाले, पूल खाली आहे."

"खाली म्हणजे रिकामा!"

"मग रिकामा म्हणायचं ना!"

"रिकामा माणूस असतो! पूल खाली असतो!"

"आमच्याकडे पूल रिकामा असतो आणि नदी खाली असते!"

"नदी खाली असली तर चिंता कायची? कोरडीच ना!"

"अहो, खाली म्हणजे खाली! खाली!" तिने बोट नाल्याकडे दाखवलं.

मग दोघांना एकदमच कळलं. आपण बोलतोय. समोरासमोर, हातभर अंतरावरून, आणि वर भांडतोय. तिने घाईने पदर शोधला. पदर नव्हता, म्हणून दादाच्या रेनकोटची टोपी ओढून नाकापर्यंत घेतली. नानांनी गर्रकन पाठ फिरवली आणि ते नाल्याकडे बघू लागले. पाऊस पडत होता. मी मधे.

"दिल्या," नाना नाल्याला म्हणाले, "सांग तिले, घरी चाल."

"भाऊजी," रेनकोट म्हणाला, "सांगा त्यांना, असीरगड नानांनीच म्हटलं होतं."

"सांग तिले, ते मी रागात म्हटलं होतं."

"सांगा त्यांना, मी ते रागात ऐकलं नाही."

मी इमानदारीने एकदा इकडे, एकदा तिकडे तोंड फिरवत होतो, हातवारे करत होतो, आणि घशातून हवा सोडत होतो. निरोपांचं काही अडलं नाही. ज्या नोकरीवर मी वर्षभर दराबा खाल्ला तिची खरी गरज किती होती ते त्या पुलावर उघडं पडलं.

मग वहिनीने टोपी मागे सारली. तिचं तोंड पांढरंफटक होतं. भीती तिला आता, सगळं होऊन गेल्यावर वाटत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "नाना," ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता परत फिरते. उद्या शाळेतही नाही सांगून येईन. पण मला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय."

नानांनी मोपेडला किक मारली. मोपेड मेली होती, आत पाणी. पुन्हा मारली. मग बराच वेळ ते तिच्या मेलेल्या इंजिनाकडे बघत राहिले. मोपेडचं तोंड असीरगडाकडे होतं. त्यांनी ते वळवलं नाही. लुंगी वर खोचली, सीटवर बसले, आणि मोपेडची पॅडलं मारायला सुरुवात केली, जी देवाने कदाचित याच दिवसासाठी मोपेडला ठेवली होती. पुलावरून. पलीकडे. चढाच्या दिशेने.

त्या घाटाचं वर्णन मी सगळ्या लग्नकार्यांत करतो आणि दर वेळी तो थोडा उंच होतो. खरं सांगायचं तर धुक्यात काही दिसत नव्हतं. पुढे वहिनीच्या गियरची कटकट, मधे माझा मडगार्ड, मागे नानांच्या मोपेडची करकर आणि नानांचा श्वास. प्रत्येक वळणावर वहिनी उतरून सायकलीच्या चेनशी काहीतरी चाळा करत उभी राही, मागे न बघता. करकर जवळ आली की पुन्हा निघे. चेनला काहीही झालेलं नव्हतं. नाना जवळ आले की धापा टाकत मोठ्याने, आभाळाला उद्देशून म्हणत, "गाडीची सर्व्हिसिंग करायला पायजे." एका वळणावर तिने भाकरीचं पुडकं दगडावर ठेवलं आणि निघून गेली. नानांनी उभ्या उभ्या अर्धी भाकरी खाल्ली आणि अर्धी मला दिली.

पायथ्याच्या टपरीवर गुड्डू आणि सलीम ताडपत्रीखाली बसले होते. जलेबीचा डबा उघडलेला, निम्मा संपलेला. वहिनीला धुक्यातून येताना बघून सलीम उभा राहिला. त्यामागे मला बघून बसला. त्यामागे, लुंगी खोचलेल्या, डोक्याला पिशवी बांधलेल्या, मोपेडवर पॅडल मारणाऱ्या नानांना बघून गुड्डूच्या हातातली जलेबी पडली. "अबे," तो कुजबुजला, "अश्वत्थामा!"

गड कुणालाच दिसला नाही. समोर नुसता पांढरा पडदा. नानांनी बाकावर बसून चहा घेतला, कपाळावरचं पाणी पुसलं आणि डब्यातली सगळ्यात मोठी जलेबी काढून कागदावर ठेवली. कागद बाकावरून सरकवला, वहिनी बसली होती त्या टोकापर्यंत. मी घसा खाकरला, म्हटलं आता तरी काही निरोप असेल. नानांनी मला हाताने गप्प बसवलं.

परत आलो ते केळीच्या टेम्पोत, घडांवर पसरून, सायकली आणि मोपेड मागे बांधून. आईने एकही प्रश्न विचारला नाही. तिने गरम पाणी काढलं, गरम तेल काढलं, आणि वहिनीच्या पोटऱ्या स्वतः चोळून दिल्या, सासू असून. मी घशाला फडकं बांधून कोपऱ्यात. संध्याकाळपर्यंत नाना ओसरीवर पेपरामागे होते. सगळ्या घराचा श्वास त्या पेपराच्या पलीकडे अडकून पडला होता. उद्या सोमवार होता, आणि हो किंवा नाही अजून कुणीच म्हटलं नव्हतं. वहिनी चहा घेऊन पडद्यापर्यंत आली आणि सवयीने कप माझ्याकडे देऊ लागली. आतून आई म्हणाली, "त्याचा घसा बसलाय. तूच दे."

वहिनीने पदर घेतला, पडदा बाजूला केला आणि कप नेऊन नानांच्या पुढ्यात ठेवला. परत फिरली. तेव्हा पेपरामागून आवाज आला.

"शाहपूरले जाताना वारं पाठीशी असतं. जोर येतो अंगात. तेव्हा दम उडवून टाकू नको. येताना तेच वारं तोंडावर राह्यते."

वहिनी थांबली. तिने तोंड वळवलं नाही, पण ती हसतेय हे तिच्या पाठीवरूनही मला दिसत होतं.

"आणि उशीर झाला तर?" तिने विचारलं.

पेपर थोडा हलला. "तर मी नाक्यावर येऊन उभा राहीन," नाना म्हणाले. "पण बोलणार नाही हं. लोकांसमोर."

आणि नाही बोलले. पुढे कितीतरी संध्याकाळी, वारा सुटला की, नाक्यावरून ती दोघं चालत येताना मी बघितली आहेत. ती सायकल हातात धरून पुढे, ते मोपेड हातात धरून दहा पावलं मागे, एकमेकांकडे न बघता, ओळखदेख नसल्यासारखी. बाजार संपेपर्यंत एक शब्द नाही. मग आमच्या गल्लीचं वळण आलं, लोक मागे पडले, यंत्रमागांचा खटखटाट सुरू झाला, की त्या आवाजाच्या आडोशाला आधी तिचा आणि मग त्यांचा आवाज चढायचा, आणि दारापर्यंत पोचेतो दोघं कुठल्यातरी शब्दावरून कडाकडा भांडत असायची.